पोवळ्याचा मणी आणि माशाच्या कानातला खडा

आत्याची पोवळ्याची माळ तुटली. माळ तिच्या सासूबाईंची, म्हणजे तशी जुनीच. मणी गोळा करून आम्ही दोघी साताऱ्यात मोती चौकातल्या एका सराफाकडे ओवून घ्यायला गेलो. फरशीवर पडून एका मण्याचा टवका उडाला होता. सराफाने तो मणी भिंगाखाली धरला आणि मलाही बघायला दिला. लाल अंगावर बारीक समांतर रेघा होत्या आणि टवका उडालेल्या जागी एकात एक वर्तुळं, ओंडका कापल्यावर दिसतात तशी. "काचेचं असतं तर हे दिसलं नसतं," सराफ म्हणाला.

आत्यानेही डोळा लावला. "मंगळासाठी घालतात एवढं ठाऊक आहे. पण हे असतं काय गं? दगड, का झाडाचं खोड?"

"प्राणी," मी म्हटलं. "म्हणजे प्राण्याचं हाड म्हण."

"म्हणजे गळ्यात हाड घालून मी इतकी वर्षं देवपूजा केली?" तिने मणी पटकन कागदावर ठेवला. मग जरा वेळाने म्हणाली, "पण तुला कसं कळलं?" मला नाही, शास्त्रज्ञांना कळलं, असं मी सांगितलं. "त्यांना तरी कसं कळलं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलं 'हे परीक्षेला येणार का' एवढंच विचारतात. 'कळलं कसं' हा प्रश्न मला वर्गात क्वचितच ऐकू येतो. त्यानंतर महिनाभर आत्याला मी प्रवाळाबद्दल काहीही सांगितलं की तिचा हाच प्रश्न यायचा.

पहिलं उत्तर असं. झाड समजण्यात आत्याची काही चूक नाही. संस्कृतात पोवळ्याला 'विद्रुम' म्हणतात, त्यात 'द्रुम' आहेच. युरोपातल्या विद्वानांनाही अठराव्या शतकापर्यंत ती समुद्रातली वनस्पती वाटायची, आणि १७०६ च्या सुमारास मार्सिली नावाच्या अभ्यासकाने तर तिची 'फुलं'सुद्धा पाहिली. पुढे फ्रान्समधल्या मार्से शहराचा डॉक्टर पेसोनेल याने जिवंत पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवून निरखलं. हात लावला की फुलं आत ओढली जायची, हालचाल थांबली की परत बाहेर यायची. असं वागणारी गोष्ट फूल नसून प्राणी आहे, असं त्याने कळवलं. रेओम्युर या बड्या शास्त्रज्ञाने हे म्हणणं पॅरिसच्या अकादमीपुढे मांडलं, पण लेखकाचं नाव सांगितलंच नाही. नाव कळलं तर बिचाऱ्याची नाचक्की होईल, अशी त्याची समजूत! बरोबर पेसोनेलच निघाला.

एका प्रवाळ-प्राण्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटरचा. मऊ नळी, वर तोंड, तोंडाभोवती मिशांसारखे तंतू आणि त्या तंतूंत डंख. आपल्या बुडाखाली तो कॅल्शियम कार्बोनेटची वाटी बांधतो, म्हणजे शिंपला ज्याचा बनतो तेच. मग जरा वर सरकून पुन्हा नवी वाटी. एखाद्या वाड्यातल्या माणसांनी दर पिढीला वरचा मजला चढवावा आणि खालचा बुजवून टाकावा, तसं हे चालतं. हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून पिढ्यान् पिढ्या हेच करत राहतात. प्रवाळ खडकात जिवंत काय, तर वरची पातळ साय. खालचं सगळं सोडून दिलेलं घर.

दागिन्यातलं लाल पोवळं मात्र या मोठ्या कुळातलं वेगळं घराणं आहे. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत वाढतं, आणि वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही. सासूबाईंचा मणी घडायला कित्येक वर्षं लागली असणार. खडक बांधणारे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातले. कारण त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळाला उजेड हवा. ते उन्हावर साखर बनवतं आणि तिच्यातली बरीच यजमानाला देतं; कित्येक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून येते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्याचाच. हा भाडेकरू लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक कोडं. खडक बांधणारे प्रवाळ फार तर पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंतच नीट वाढतात. मग भर महासागरात, जिथे तळ हजारो मीटर खाली आहे, तिथे प्रवाळाची गोल कंकणं कशी? चार्ल्स डार्विनला याचं उत्तर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुचलं. तोवर त्याने खरं प्रवाळद्वीप पाहिलंही नव्हतं. त्याचं म्हणणं असं की आधी ज्वालामुखीचं बेट असतं. त्याच्या काठाने प्रवाळ वाढतं. बेट हळूहळू खचत जातं आणि प्रवाळ उजेड गाठायला वर वर बांधत राहतं. शेवटी बेट बुडतं आणि कंकण उरतं, मध्ये उथळ खाजण. १८४२ साली त्याचं पुस्तक आलं.

कळलं कसं? भोक पाडून. १८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या लोकांनी प्रशांत महासागरातल्या फुनाफुटी बेटावर तीनशे मीटरच्याही खाली छिद्र नेलं, तरी प्रवाळी चुनखडकच लागत राहिला. निकाल लागला १९५२ साली, त्याच महासागरातल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर. साधारण १,४०० मीटर चुनखडक भेदल्यावर काळा ज्वालामुखी कातळ लागला. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट समुद्रसपाटीपासून जेवढा उंच, जवळपास तेवढी जाडी. आणि ती बांधली पिटुकल्या पॉलिपांनी.

काळा कातळ म्हटल्यावर आत्याने अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवलं. "असला?"

असलाच. आणि इथे साताऱ्याचा थेट संबंध लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका तापलेल्या जागेवरून भारताचा भूखंड सरकत होता. तिथून लाव्ह्याचे लोटच्या लोट बाहेर पडले, थरावर थर साचले. अजिंक्यतारा, यवतेश्वर, कासचं पठार, महाबळेश्वर हे सगळं त्या थरांतून कोरलं गेलेलं. भूखंड उत्तरेकडे निघून गेला, पण भट्टी चालूच राहिली. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात की लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर उभे आहेत, ती याच भट्टीने मागे सोडलेली वाट. मॉरिशस त्यानंतरचं. भट्टी आज रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून उसळतो. म्हणजे लक्षद्वीपच्या प्रवाळाचा पाया आणि आमच्या घरामागचा कातळ एकाच चुलीवरचे. आमचा कोरडा राहिला, त्यांचा बुडाला. भूगोलाच्या तासाला दख्खनचं पठार एका धड्यात आणि लक्षद्वीप दुसऱ्यात शिकवतात, ही मला नेहमीच जरा गैरसोयीची वाटणी वाटते.

परत मण्यातल्या वर्तुळांकडे. खडक बांधणाऱ्या प्रवाळातही असे थर असतात, पण नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. प्रवाळाची पातळ चकती कापून तिचा एक्स-रे काढला की गडद-फिकट पट्टे उमटतात. गडद-फिकट अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे १९७२ साली एनेवेटाकच्याच प्रवाळावरून दाखवलं गेलं. त्या बेटांवर अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या आणि त्यातलं किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम प्रवाळाच्या सांगाड्यात बसलं होतं. चाचण्यांची वर्षं माहीत, त्यांचे डाग कुठल्या पट्ट्यात पडलेत ते दिसत होतं. पट्टे मोजले, हिशेब जुळला. माणसाच्या उपद्व्यापाचा विज्ञानाला झालेला उपयोग म्हणून हे उदाहरण मी वर्गात देते, जरा कचरतच.

घुमटासारखं वाढणारं पोरायटीस प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. तीन मीटरचा घुमट म्हणजे तीनशे वर्षांची वही. थरातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या प्रकारांचं प्रमाण मोजून त्या त्या वर्षी पाणी किती गरम होतं तेही काढता येतं, तिथे तापमापक घेऊन कुणी उभं नसलं तरी.

अशी वही माशांच्या डोक्यातही असते. ढोमा साफ करताना डोक्यात दोन पांढरे, गुळगुळीत खडे सापडतात ना, ते त्याच्या कानातले. तोल सांभाळायला आणि ऐकायला ते लागतात, आणि तेही कॅल्शियम कार्बोनेटचेच. हाडं असलेल्या जवळजवळ सगळ्या माशांत असतात, ढोम्यात मोठे म्हणून दिसतात इतकंच. त्यांच्यावर वर्षाचे थर चढतात, आणि लहान माशांत तर रोजचा एक. खडा घासून पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मासा किती दिवसांचा होता ते मोजता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एव्हिओटा नावाचा बोटाच्या पेरापेक्षा छोटा मासा आहे. त्याच्या खड्यांवरून कळलं की तो जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकं कमी आयुष्य दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही. तेवढ्यात जन्म, प्रवास, घर, संसार, सगळं उरकायचं.

हे बारके मासे बराच काळ कुणाच्या हिशेबातच नव्हते. त्याचं कारण मोजायच्या पद्धतीत आहे.

संगम माहुलीच्या घाटावर उभं राहून कृष्णेतले मासे मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही, पाणी गढूळ. प्रवाळाभोवतीचं पाणी नितळ असतं, वीस-तीस मीटरवरचं दिसतं, ही पहिली सोय. १९५४ मध्ये व्हर्नन ब्रॉक यांनी हवाई बेटांजवळ एक साधी पद्धत मांडली. तळाशी दोरी टाकायची, तिच्या कडेने पोहत जायचं आणि ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले मासे नोंदवायचे. आजही जगभर मूळ पद्धत हीच. बऱ्याचदा पन्नास मीटरची टेप आणि पाच मीटरचा पट्टा. पाण्याखाली चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलने लिहायचं. नुसता आकडा नाही, प्रत्येक माशाची जात आणि अंदाजे लांबीही. कासच्या पठारावर वनस्पती मोजायला चौकट टाकतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की कासची फुलं चौकटीतून पळून जात नाहीत.

मासे पळतात. एस.टी. स्टँडवर फलाटावरची माणसं मोजायची आहेत असं समजा. कुणी गाडीत चढतंय, कुणी उतरतंय, एक पोरगं चौथ्यांदा समोरून जातंय, आणि मोजणाऱ्याला बघून दोघं खांबामागे सरकलेत. तसंच. म्हणून टेप टाकल्यावर थोडा वेळ थांबतात, मासे सरावतात. जाताना मोठे, भटके मासे मोजायचे आणि परतताना त्याच टेपवर घर न सोडणारे छोटे. शिवाय पाण्यात मुखवट्याच्या काचेतून प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, त्यामुळे नवशिक्याचे सगळे मासे गुबगुबीत असतात. त्यावर उपाय म्हणजे प्लास्टिकच्या नळीचे ठरावीक लांबीचे तुकडे पाण्यात टांगून अंदाज घोटून घ्यायचा. लांबी मिळाली की त्या जातीच्या ठरलेल्या सूत्राने वजन काढतात. लांबीचा अंदाज जरा चुकला की वजन भलतंच चुकतं, कारण लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. म्हणून माणसं शक्यतो तीच ठेवतात, टेप त्याच जागी पडते आणि मोजणी वर्षानुवर्षं चालते. एका वर्षाच्या आकड्याला फारशी किंमत नाही.

आणि एवढं करूनही फटीत बसलेले बारके मासे सुटतातच. त्यांच्यासाठी छोटा भाग जाळीने झाकून आत लवंगेच्या तेलाचं पातळ द्रावण सोडतात. दाढ दुखली की लावतो तेच. मासे गुंगतात, मग गोळा करायचे. अशा नोंदी जोडून २०१९ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला: प्रवाळावर जेवढे मासे इतरांच्या पोटात जातात, त्यांच्या वजनाचा जवळपास साठ टक्के वाटा या फटीतल्या बारक्यांचा. भराभर जन्मतात, भराभर खाल्ले जातात, म्हणून कुठल्याही एका दिवशी मोजले तर नगण्य दिसतात. सगळं दुकान त्यांच्यावर चाललंय आणि हजेरीपटात नाव नाही.

मोठ्यांपैकी पोपटमासा आत्याला आवडला. चोचीने तो खडक खरवडतो, शेवाळ खातो, आणि दगडाचं पीठ वाळू होऊन मागून बाहेर पडतं. डोक्यावर टेंगूळ असलेला मोठा पोपटमासा वर्षाला पाच टनांच्या आसपास प्रवाळ दळतो. प्रवाळबेटांवरच्या पांढऱ्या वाळूत, जिच्यावर लोक फोटो काढतात, तिचा मोठा वाटा असा असतो.

पण खरी गंमत सफाई करणाऱ्या एका माशाची, इंग्रजीत क्लीनर रॅस. निळा-काळा, बोटाएवढा. प्रवाळावर त्याची ठरलेली जागा असते आणि मोठे मासे तिथे रांग लावून येतात, सलूनसारखे. तो त्यांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले, तोंडातलेसुद्धा परजीवी वेचून खातो. दिवसाला सुमारे १,२०० परजीवी, असं अलेक्झांड्रा ग्रटर यांनी १९९६ मध्ये मोजलं. मात्र त्याची खरी आवड परजीवी नव्हे, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. संधी मिळाली की तो चोरून त्याचा लचका घेतो. गिऱ्हाईक दचकतं, निघून जातं किंवा मागे लागतं. म्हणून रांगेतलं कुणी बघत असलं की हा जास्त प्रामाणिकपणे वागतो.

"हे मात्र तुम्ही लोकांनी रचलेलं," आत्या म्हणाली. "माशाच्या मनातलं कसं कळलं?"

मनातलं नाही, वागण्यातलं. टाकीत माशाच्या जागी प्लास्टिकची पट्टी ठेवली. तिच्यावर दोन पदार्थ चिकटवले, आवडती कोळंबी आणि बेताचा कोरडा खाऊ. कोळंबीला तोंड लावलं की पट्टी ओढून घ्यायची. थोड्याच फेऱ्यांत मासे आधी नावडतं खायला शिकले. जपानमध्ये २०१९ मध्ये तर यांच्या गळ्याखाली परजीवीसारखा तपकिरी ठिपका लावून आरसा दाखवला, तेव्हा काहींनी आरशात बघून झाल्यावर गळा तळावर घासला. ठिपका रंगहीन असला किंवा आरसाच नसला तर ते घासत नव्हते. याचा अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मला विचाराल तर मी अजून कुंपणावरच बसले आहे.

समुद्राखाली शांतता असते हाही गैरसमज. निरोगी प्रवाळावर बारक्या कोळंब्यांच्या नांग्यांची अखंड तडतड चालते, तापलेल्या तेलात मोहरी पडावी तशी. उघड्या समुद्रात वाढलेली माशांची पिल्लं घर शोधताना या आवाजाचा माग काढतात. ग्रेट बॅरियर रीफवर मेलेल्या प्रवाळाच्या ढिगांजवळ संशोधकांनी पाण्यात स्पीकर ठेवून निरोगी प्रवाळाचं ध्वनिमुद्रण चाळीस दिवस वाजवलं. तिथे आवाज नसलेल्या ढिगांच्या दुप्पट मासे आले.

स्पीकर लावायची वेळ का आली? भाडेकरूमुळे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाच्या एखादा अंश वर काही आठवडे राहिलं, की शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून विषारी ऑक्सिजन संयुगं तयार होऊ लागतात आणि पॉलिप त्याला हाकलतो. रंग जातो, पारदर्शक अंगातून पांढरा सांगाडा दिसतो. यालाच विरंजन म्हणतात. प्रवाळ त्या क्षणी मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं.

डॉक्टर विचारतात ना, ताप किती आणि किती दिवस? तोच हिशेब इथे. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून समुद्राचं तापमान बघते आणि जास्तीचे अंश गुणिले आठवडे असा आकडा काढते. एक अंश जास्त, चार आठवडे, म्हणजे चार. चारला ठळक विरंजनाची भीती, आठला प्रवाळ मरू लागायची. जगभर पसरलेली विरंजनं आजवर चार नोंदली गेली: १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि चौथ्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचं प्रवाळही पांढरं पडलं.

लक्षद्वीपमध्ये नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक १९९८ पासून अगाट्टी, कडमत आणि कवरत्तीचा खडक पुन्हा पुन्हा मोजत आहेत. २०२२ पर्यंतच्या चोवीस वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन साधारण निम्म्यावर आलं. दर तडाख्यानंतर ते सावरायला लागतं, पण खरा वेग यायला सलग काही वर्षांची उसंत लागते, आणि तडाख्यांमधलं अंतर कमी होतंय. एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. तिथले मच्छीमार परंपरेने गळाने खोल पाण्यातला ट्यूना धरतात, त्यामुळे शेवाळ खाणारे पोपटमासे खडकावर शिल्लक राहिले. शेवाळ चरलं गेलं नाही तर नव्या प्रवाळाला बसायला जागाच उरत नाही.

आपल्याकडेही प्रवाळ आहे. मालवणला थोडं, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला अंग्रिया बँक. हे समुद्रात बुडालेलं पठार, माथा पाण्याखाली वीस-एक मीटरवर. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. कान्होजींना १७१३ मध्ये सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, कायम केलं ते शाहू महाराजांनी, म्हणजे साताऱ्याच्या गादीने. आत्याला हे ऐकून प्रवाळ एकदम घरचं वाटायला लागलं.

माळ ओवून आली. टवका सराफाने कागदाच्या पुडीत दिला होता. तो मी बशीत ठेवला आणि वर लिंबू पिळलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टवक्याच्या कडेने अगदी बारीक बुडबुडे धरले, सुईच्या टोकाएवढे, आणि एकेक करून सुटायला लागले. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. काच असती तर ढिम्म बसली असती. आत्या चष्मा कपाळावर सारून बशीवर वाकली होती.

"माशाच्या खड्याचंही असंच होईल?"

"होईल."

"मग रविवारी ढोमा आण," ती म्हणाली आणि टवका पदराने पुसून पुडीत परत ठेवला. "डोक्यासकट."